हातोड्याला फिनलंडमध्ये काय म्हणतात

माझ्या मुलीने फिनलंडमध्ये एक हातोडा विकत घेतला आणि त्यापायी इकडे खडकीत माझ्या वडिलांनी विहारात जाणं बंद केलं. हे असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा थांबून बघतात. पण झालं ते असंच, आणि मधल्या सगळ्या घोटाळ्याचं श्रेय माझं एकटीचं आहे.

मुलगी तिकडे नोकरीला गेली त्याला तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी गणपती उठले, रस्ते मोकळे झाले, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिनं घर बदललं. सुट्या फळ्यांचं कपाट आणलं, ते जोडायला हातोडा आणला, आणि दुपारी मला फोटो पाठवला. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात खिळा. खाली लिहिलं होतं, "आजोबांना दाखव. त्यांची नात!"

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"दांडा लई आखूड धरलाय," ते म्हणाले. "तिला म्हणावं, मागं धर. मनगट जाईल."

मी तो निरोप कळवला. तिनं हसण्याची चित्रं पाठवली आणि सहज म्हणून लिहिलं की इथे हातोड्याला 'वासारा' म्हणतात, दुकानात पाटीवर वाचलं. तिच्यासाठी विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

मी चौतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. या नोकरीने माणसाला एक खोड लागते. कुठलाही शब्द कानावर पडला की हा आला कुठून, हे शोधल्याशिवाय घास खाली जात नाही. 'वासारा' दोनदा मनात म्हटलं आणि 'वज्र' आठवलं. फोनवर शोधलं. दहा मिनिटांत एक पान सापडलं, त्यात स्पष्ट लिहिलेलं, या फिनिश शब्दाचं संस्कृत 'वज्र' शब्दाशी नातं आहे. मी खुर्चीतून उठलेच. पान अर्धंच वाचलं होतं. उत्तर आपल्या मनासारखं मिळालं की माणूस पुढचं वाचत नाही. मुलांना मी याच गोष्टीवरून फार बोललेय.

"दादा," मी त्यांच्या डाव्या कानाशी जाऊन म्हटलं, "तुमचा हातोडा म्हणजे वज्र. शब्द संस्कृतातून निघाला आणि पार फिनलंडला पोचला!"

"आपला हातोडा?"

"आपलाच."

त्यांना किती आनंद झाला हे कळायला ते कोण होते ते सांगायला हवं. दादा इथल्याच कारखान्यातल्या लोहारशाळेत हॅमरमन होते. लोहार तापलेलं लोखंड सांडशीत धरतो, लहान हातोडीने टक् करून जागा दाखवतो, आणि समोरचा माणूस नेमका तिथे घण मारतो. तो समोरचा माणूस म्हणजे दादा. अडतीस वर्षं. त्यात उजवा कान गेला, डावा अर्धा राहिला. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून ते मोठ्यानं बोलतात, आणि त्यामुळेच विहारात वाचनाचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. ते तीन महिने रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात ग्रंथवाचन होतं. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, शेवटी पंधरा मिनिटं कुणाला काही बोलायचं असेल तर बोलतो. दादा वाचायला बसले की माइक लागायचा नाही. रस्त्यापलीकडे भाजी निवडणाऱ्या बायकाही घरात बसून ऐकायच्या. आता पंच्याऐंशीव्या वर्षीही त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

मी मात्र रविवारपुरती जायची. जायची आणि मागे, चपलांच्या रांगेजवळ बसायची. मला कधी कुणी वाच म्हटलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही. याचंही कारण संस्कृतच. आठवीत विषय निवडायची वेळ आली तेव्हा वर्गशिक्षिका मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही हिंदी घ्या. झेपेल." दुसऱ्या दिवशी दादा पाळी संपवून खाकी कपड्यांतच शाळेत आले आणि फॉर्मवर स्वतःच्या हातानं 'संस्कृत' लिहून गेले. पुढे शिक्षकांच्या खोलीत आयुष्यभर "तुम्ही आणि संस्कृत? कौतुक आहे हं!" हे ऐकलं. त्या कौतुकाचा मला इतका राग यायचा की चहाचा कप तिथेच ठेवून मी वर्गावर जायची. आणि वस्तीत आल्यावर उलट. बायका हसून म्हणायच्या, "बाईंचं आपलं वेगळं असतं, त्या श्लोकवाल्या." म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची. वस्तीला मी नकोच आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं कुणालाच नव्हतं.

तर हातोड्याची गोष्ट ऐकून दादा त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर तयार झाले. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. परत आले ते गप्प. जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले तरी हलेनात.

"जायचं नाही?"

"गुडघा दुखतोय."

तिसऱ्या दिवशीही गुडघा. चौथ्या दिवशीही. याच गुडघ्यानं ते सकाळी तीन जिने चढून गच्चीत टाकी भरली का बघून येत होते. पौर्णिमा दोन आठवड्यांवर आली होती. समाप्तीचं वाचन त्यांचं, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. ते चुकलं तर पुढच्या वर्षी ते जातील याची मला खात्री नव्हती, आणि या वयात पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा? मी फार घाबरले. म्हातारी माणसं एकदा घरात बसली की बसली.

पाचव्या दिवशी मी एकटीच गेले. माइक कर्कश किंचाळत होता, कुणी एक गृहस्थ ओळींवरून बोट फिरवत वाचत होते आणि समोरचे एकमेकांशी बोलत होते. वाचन संपल्यावर मी विहाराच्या अध्यक्षांना गाठलं. हे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलतात मोजकं, आणि ते मोजकं टोचतं.

"दादांच्या गुडघ्याला बरं नाही," मी सुरुवात केली.

"गुडघ्याला काही झालेलं नाही बाई," ते म्हणाले. "मी बोललो, ते लागलंय."

त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं. त्या संध्याकाळी वाचनानंतर दादा उठले आणि म्हणाले, आपल्या हातोड्याचा शब्द संस्कृतातून फिनलंडला गेला, आमची पोर सांगते. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "जगात जे जे आहे ते सगळं संस्कृतातूनच आलं, हे आता विहारातही ऐकायला मिळणार. बरं झालं, त्यासाठी बाहेर जायचा त्रास वाचला." लोक हसले. दादांना वाक्य नीट ऐकू गेलं नाही, हसणं ऐकू गेलं. शेजारच्यानं त्यांना ते वाक्य परत मोठ्यानं सांगितलं. मग लोक आणखी हसले.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. पण तुम्हाला एक विचारतो. ते खरं आहे का?"

"शंभर टक्के," मी म्हटलं आणि तरातरा घरी आले. आता पुरावाच आणून त्यांच्या समोर ठेवायचा, असं ठरवलं.

पुरावा म्हणजे माझे कॉलेजातले सर. त्यांचं सगळं आयुष्य शब्दकोशाच्या कामात गेलं. दुसऱ्या दिवशी बोपोडीहून मेट्रो धरली, मंडईला उतरले, सरांना आवडतात म्हणून अंजीर घेतले आणि मागच्या गल्लीतला त्यांचा जिना चढले. सर खिडकीशी बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं आणि फोनवरचं ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी भिंग लावून बोटानं वर सरकवत ते शेवटपर्यंत वाचलं. बराच वेळ.

"तू हे पूर्ण वाचलंस?"

मी पिशवीतून अंजीर काढायला लागले.

"छान," सर म्हणाले. "चौतीस वर्षं शिकवलंस ना?"

मग त्यांनी अंजीर चिरत चिरत मला समजावलं, आठवीतल्या मुलीला सांगावं तसं. फिनिश भाषेचं घराणंच वेगळं, संस्कृताशी तिचं रक्ताचं नातं नाही. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेच्या गवताळ माळावर गुरंढोरं राखणारे लोक होते. त्यांच्या बोलीतून पुढे एक फांदी इराणकडे गेली आणि एक आपल्याकडे येऊन संस्कृत झाली. त्या माळाच्या वर, जंगलात, फिनिश लोकांचे पूर्वज राहत. दोघं शेजारी. जाणं-येणं, देणं-घेणं, मारामाऱ्या, सगळं होतं. त्या शेजारातून हातोड्याचा शब्द जंगलात गेला.

"म्हणजे संस्कृत त्याची आई नाही?"

"बहीण म्हण फार तर. इराणी लोकांचा 'वझ्र' हा आणखी एक भाऊ. अगं, आपल्या अर्थानं संस्कृत तेव्हा जन्मली तरी होती की नाही कोण जाणे. फिनलंडला इथून कुणी गेलं नाही." त्यांनी अंजिराची फोड माझ्यापुढे सरकवली. "हातोडा शेजाऱ्याकडून आणला की नाव त्याच्याबरोबर येतं. आपल्याकडे ते देवाच्या हातात गेलं. तिकडे सुताराच्या हातातच राहिलं."

साक्षीदार आणायला गेले आणि आरोपी होऊन बसले होते.

"आणखी एक शब्द देतो," सर म्हणाले. "तुझ्या त्या अध्यक्षांना आवडेल. त्याच शेजारातून गेलेला 'आर्य'चा सख्खा भाऊ फिनिशमध्ये आहे. 'ओर्या'. अर्थ काय असेल?"

"श्रेष्ठ?"

"गुलाम."

मी अंजिराची फोड परत ताटलीत ठेवली.

"लढाईत पकडलेल्या शेजाऱ्यांना त्यांच्याच नावानं हाक मारत असतील, असा बहुतेकांचा तर्क आहे. तर्क म्हणूनच सांग. नाहीतर उद्या त्याचंही अर्धंच पान वाचशील."

जिना उतरताना मला वाईट वाटायला हवं होतं. परत मेट्रोत बसले, गाडी सुटली, आणि खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. समोरची मुलगी कानातला इअरफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. नवी सून सासरच्या लोणच्याचंही सगळ्यांपेक्षा जास्त कौतुक करते, तसं मी आयुष्यभर संस्कृताचं केलं होतं. मला आत घेतलं ना, मग इतरांपेक्षा दोन पावलं पुढे जाऊन तिची बाजू घ्यायला हवी, नाहीतर म्हणतील, हिला कुठे कळतंय. संस्कृत मला आवडते. मनापासून आवडते. पण तिला जगाची आई ठरवायचं काम माझ्यावर कुणी टाकलं होतं? मीच उचललं होतं. सर इतक्या सहज 'बहीण म्हण' म्हणून गेले आणि माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

हे सगळं खरं, पण चूक चारचौघांत कबूल करायची म्हणजे अंगावर काटा. दहा दिवस मी टाळाटाळ केली. कपाटं आवरली, पडदे धुतले. अकराव्या दिवशी पौर्णिमा उद्यावर आली आणि दादा खिडकीत बसून विहाराच्या दिशेला कान लावून होते, ऐकू काही येत नसताना. मग माझ्याच्यानं राहवेना.

"दादा, चला. मला तिथे बोलायचंय."

"तू जा. माझा पाय..."

"बरं," मी म्हटलं आणि निघाले.

वाचन झाल्यावर मी उठून उभी राहिले. माइक घेतला नाही. वर्गात बोलायची तशी बोलले. म्हटलं, माझ्या वडिलांनी इथे एक गोष्ट सांगितली ती चुकीची होती. चूक त्यांची नाही, माझी आहे. मी अर्धं वाचून त्यांना सांगितलं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून तुम्हाला सांगितलं. त्यांच्यावर हसलात, ते खरं तर माझ्यावर हसायला हवं होतं. मग माळ, जंगल, शेजारी, हातोडा, सगळं सांगितलं. संस्कृत ही त्या शब्दाची आई नाही, हेही सांगितलं.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी हातोडा कष्टकऱ्यांनीच एकमेकांना दिला म्हणा की."

"तसंच म्हणा," मी म्हटलं.

मग मी दुसरा शब्द सांगितला, सरांच्या 'तर्क म्हणूनच' या सूचनेसकट. आणि आमच्या विहारात मी कधी ऐकलं नव्हतं एवढं हसणं झालं. अध्यक्ष हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी पुसला.

"बाई," ते म्हणाले, "हा शब्द आधी सांगितला असतात तर मी तोंड उघडलंच नसतं."

विहार बंद करून ते माझ्याबरोबर आमच्या घरी आले. दादा खिडकीतच होते. अध्यक्ष त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

"मी बोललो ते चूक नव्हतं," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "तुमच्या लेकीनंच आज ते सिद्ध केलं. पण तुमच्यावर लोकांना हसवलं, ते चुकलं. उद्या पौर्णिमा आहे. तो माइक मी फेकून देणार आहे, तेव्हा तुम्हाला यावं लागेल."

"येतो की," दादा म्हणाले. गुडघ्याचं नाव काढलं नाही.

अध्यक्ष गेले. मी दार लावलं. इतके दिवस छातीत धरून ठेवलेलं सुटलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले.

"तू काय म्हणलीस तिथं? मला सांग," दादा म्हणाले.

मी पहिल्यापासून सांगितलं. आई नाही, बहीण, इथपर्यंत आले तसं त्यांनी मला हातानं थांबवलं.

"हे तू म्हणलीस? समद्यांसमोर?"

"हो."

ते खिडकीपासून माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "लोक हसले त्याचं मला काय नव्हतं गं. लोक हसत्यात. तुला संस्कृतला मी घातलं. तवा आपलीच माणसं म्हणली होती, पोर हातची जाईल. त्या दिवशी समदे हसले आन मला वाटलं, खरंच गेली का काय. तिकडचीच झाली. आन मीच धाडली."

त्यानंतरची पन्नास वर्षं आम्ही एकमेकांजवळच काढली, माझं लग्न, माझ्या नवऱ्याचं जाणं, मुलीचं परदेशी जाणं, सगळं एकत्र पाहिलं. त्या फॉर्मवर 'संस्कृत' लिहिताना त्यांना अभिमान वाटला असेल, एवढंच मी धरून चालले होते. ही भीती त्यांनी एकदाही बोलून दाखवली नव्हती. मला रडू आलं, आणि त्यात सुटका होती, त्यांची आणि माझीही.

"दादा, मी कुठं जाणार होते?"

"ते आता कळलं ना," ते म्हणाले.

पौर्णिमेला विहार भरला होता. बाहेर पायऱ्यांवरही माणसं बसली होती. दादांनी खणखणीत वाचलं. अर्धं वाचून झालं आणि ते थांबले. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून मी चपलांजवळून उठले. पाण्याचा पेला घेऊन पुढे गेले तर त्यांनी ग्रंथ माझ्याकडे वळवला आणि बसल्या जागी सरकून शेजारी जागा केली.

मी बसले. ओळ दिसत होती. चौतीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी, आणि नुसतं त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"वाचा बाई," अध्यक्ष म्हणाले. "घरचेच आहोत."